नागपूरच्या हवेत रंगीत ब्रोमेलियाड : लागवड, संगोपन आणि पिल्लांपासून नवी झाडे

दिवाळीच्या सुमारास नागपुरातल्या रोपवाटिकांमध्ये गुझमानिया या ब्रोमेलियाड गटातल्या झाडाच्या लाल, केशरी, पिवळ्या तुऱ्यांच्या कुंड्या मांडलेल्या दिसतात. भेट म्हणून किंवा दिवाणखान्याची शोभा म्हणून घरी आलेले हे झाड तीन-साडेतीन महिने टवटवीत राहते. फेब्रुवारीच्या अखेरीस तुरा तपकिरी पडू लागतो, खालची पाने टोकांकडून वाळतात आणि बहुतेक घरांतून ती कुंडी कचऱ्याच्या गाडीत जाते. टाकण्यापूर्वी खालची दोन-तीन पाने हाताने बाजूला सारून पाहिली, तर बुंध्याशी बोटाएवढे हिरवे पिल्लू, म्हणजे बाजूने फुटलेले नवे रोप, बहुधा दिसतेच. ब्रोमेलियाडच्या बाबतीत फुलोरा ओसरल्यानंतरचे वर्ष हेच पैदाशीचे वर्ष असते. ते वर्ष आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यातून निभावून नेता आले, तर एका कुंडीच्या तीन-चार कुंड्या सहज होतात. ते कसे करायचे, हे या लेखात क्रमाने सांगत आहे.

झाडाची ओळख आणि निवड

ब्रोमेलिएसी या कुळात तीन हजारांहून अधिक जाती आहेत आणि पश्चिम आफ्रिकेतील गिनीमधल्या एका जातीचा अपवाद सोडला, तर त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. या कुळातला आपल्या ओळखीचा सदस्य म्हणजे अननस. १४९३ साली ग्वाडेलूप बेटावर कोलंबसाच्या माणसांनी तो पाहिला आणि पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो भारतात आणला. अननस जमिनीत वाढतो. पण शोभेच्या ब्रोमेलियाडांपैकी बहुतेक जाती जंगलात झाडांच्या फांद्यांवर बसून वाढतात. त्या बांडगुळासारख्या यजमान झाडाचा रस शोषत नाहीत, केवळ आधार घेतात. त्यांच्या मुळांचे मुख्य काम फांदीला धरून ठेवण्याचे असते आणि पाणी पिण्याचे बरेचसे काम पाने करतात. पाने बुंध्याशी एकमेकांना घट्ट बिलगून पळसाच्या पानांच्या द्रोणासारखी खोलगट जागा तयार करतात, तीत पावसाचे पाणी साठते आणि पानांवरचे सूक्ष्म खवले ते शोषून घेतात. एक्मिया फॅसियाटा या जातीच्या पानावरून अंगठा फिरवला, तर रांगोळीसारखी पांढुरकी पूड बोटाला लागते आणि पानावर हिरवा पट्टा उमटतो. ती पूड म्हणजे हेच खवले होत. ते पुन्हा उगवत नाहीत, म्हणून या जातीची पाने कधीही फडक्याने पुसू नयेत.

आपण ज्याला फूल म्हणतो, तो रंगीत भाग बोगनवेलीप्रमाणेच रूपांतरित पानांचा असतो. खरी फुले लहान असतात, एक-दोन दिवसांत मिटतात आणि रंगीत पाने मात्र टिकून राहतात. हा टिकाऊपणा जातीजातीत फार वेगळा आहे. एक्मियाचा गुलाबी तुरा चार-पाच महिने राहू शकतो, तर बिलबर्जियाचा तुरा अतिशय देखणा असूनही एक-दोन आठवड्यांत संपतो. निओरेजेलियाला उंच तुरा येतच नाही. फुलण्याच्या वेळी तिची मधली पाने लाल किंवा जांभळी होतात आणि द्रोणातल्या पाण्याच्या पातळीशी इवली निळसर-जांभळी फुले उमलतात. सकाळी जवळ जाऊन वाकून पाहिल्याशिवाय ती दिसतही नाहीत.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने नागपुरात पहिले झाड बिलबर्जिया पिरॅमिडॅलिस किंवा निओरेजेलिया यांपैकी घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ही दोन्ही झाडे, तसेच एक्मिया आणि अननस, आपली पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, मुख्यतः रात्री उघडतात. त्यामुळे दिवसाच्या कोरड्या हवेत त्यांचे पाणी फारसे उडून जात नाही. गुझमानिया आणि बहुतेक व्रिसिया तशा नाहीत. त्या दमट, सावलीच्या अरण्यातल्या असून त्यांची पाने पातळ व मऊ असतात. आपल्या मे महिन्यात सर्वांत आधी त्यांचीच टोके जळतात. दुकानात मात्र गुझमानियाच अधिक दिसते, कारण तिचा रंग लांबूनच नजरेत भरतो. ती घ्यायचीच असेल तर तुरा पूर्ण उमललेले झाड न घेता, ज्याच्या तुऱ्यात अजून थोडा हिरवेपणा आहे असे घ्यावे. झाड किंचित हलवून पाहावे, बुंधा कुंडीत डुगडुगत असेल तर ते सोडून द्यावे. द्रोणात नाक नेऊन वास घ्यावा. कुजका वास आला तर झाड कितीही सुंदर दिसले तरी घेऊ नये.

कुंडी आणि भरण

विदर्भातली काळी माती कापसाला उत्तम असली, तरी ब्रोमेलियाडला ती चालत नाही. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि दोन्ही स्थितींत मुळांना हवा मिळू देत नाही. बागेतल्या मातीत लावलेले ब्रोमेलियाड पहिल्या पावसाळ्यातच बुंध्याशी कुजते. भरण, म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरायचे मिश्रण, असे असावे की वरून ओतलेले पाणी काही सेकंदांत खालून बाहेर पडले पाहिजे.

माझ्या अनुभवात बसलेले प्रमाण असे आहे : नारळाच्या सोडणाचे सुपारीएवढे तुकडे तीन भाग, लाकडी कोळशाचे लहान तुकडे एक भाग, विटांचे तुकडे किंवा बारीक काळी गिट्टी एक भाग आणि चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत अर्धा भाग. सोडणात क्षार असतात, म्हणून ते तुकडे बादलीत भिजवून रोज पाणी बदलत तीन दिवस ठेवावेत. पहिल्या दिवशीचे पाणी काळ्या चहासारखे निघते. तिसऱ्या दिवशी ते फिकट झाले की तुकडे वापरण्याजोगे झाले. संगमरवराच्या चुऱ्यापासून आणि चुन्यापासून भरण दूर ठेवावे, कारण या झाडांना किंचित आम्लधर्मी भरण मानवते.

कुंडी लहान असावी. पूर्ण वाढलेल्या गुझमानियालाही बारा ते पंधरा सेंटिमीटर व्यासाची कुंडी पुरते, कारण मुळांचा पसारा थोडाच असतो आणि मोठ्या कुंडीतले भरण विनाकारण ओले राहते. मातीची कुंडी पावसाळ्यात चांगली, पण उन्हाळ्यात ती एका दुपारीत कोरडी होते. म्हणून मी झाड प्लॅस्टिकच्या कुंडीत लावून ती कुंडी थोड्या मोठ्या मातीच्या कुंडीत बसवतो. त्यामुळे वरून जड झालेली एक्मिया वाऱ्याने कलंडतही नाही. भेटवस्तूंच्या दुकानातल्या बिनछिद्राच्या चिनीमातीच्या कुंडीत झाड आले असेल, तर त्याच दिवशी ते बाहेर काढावे.

उजेड आणि जागा : वर्षभराचा क्रम

नागपूरच्या हवेची दोन टोके लक्षात घेतल्याशिवाय जागेचा विचार करता येत नाही. येथे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. ब्रोमेलियाडांना साधारण अठरा ते तीस अंशांची हवा आवडते. म्हणजे आपल्याकडे पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने हा त्यांचा सुखाचा काळ असतो, बाकीच्या काळात आपल्याला त्यांना सांभाळावे लागते.

पूर्वेकडची गॅलरी ही सर्वांत उत्तम जागा होय. सकाळी आठ-साडेआठपर्यंतचे कोवळे ऊन निओरेजेलिया, एक्मिया आणि बिलबर्जिया यांना हवेच असते. त्याशिवाय निओरेजेलियाचा लाल रंग फिका पडून पाने लांब, लुळी आणि हिरवी होतात. याउलट गुझमानियाला थेट ऊन मुळीच नको, खिडकीजवळचा भरपूर पण गाळीव उजेड तिला पुरतो. गच्चीवर ठेवायचे असल्यास निओरेजेलियासाठी पन्नास टक्के आणि गुझमानियासाठी पंचाहत्तर टक्के सावलीची हिरवी जाळी लावावी. पश्चिमेकडची गॅलरी मार्च ते जून या काळात कोणत्याही जातीला मानवत नाही. तेथील भिंत रात्री दहापर्यंत गरम राहते आणि झाडाला रात्रीही विसावा मिळत नाही.

होळी झाली की सर्व कुंड्या उत्तरेकडच्या भिंतीलगत किंवा घरात न्याव्यात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या हवेतील आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या, दिवसांत तर गरम वारा पानांतले पाणी अक्षरशः खेचून घेतो. या काळात नागपूरच्या घरात एक सोय आपोआप उपलब्ध असते, ती म्हणजे कूलर. कूलर चालू असलेल्या खोलीत हवा थंड आणि दमट राहते. गुझमानियासाठी यासारखी जागा नाही. मात्र कुंडी कूलरच्या झोताच्या समोर ठेवू नये. झोताच्या बाजूला, खिडकीचा उजेड पोहोचेल अशा कोपऱ्यात ती ठेवावी. पसरट ताटात गिट्टी पसरून त्यात पाणी घालावे आणि त्यावर चार-पाच कुंड्या जवळजवळ मांडाव्यात, म्हणजे त्यांच्याभोवतीची हवा थोडी ओलसर राहते.

पहिला चांगला पाऊस होऊन हवा निवळली की झाडे पुन्हा बाहेर काढावीत, पण एकदम उजेडात ठेवू नयेत. आठवडाभर सावलीत ठेवून मग हळूहळू पुढे सरकवावीत. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान बारा अंशांखाली जाऊ लागले की गुझमानिया आणि व्रिसिया रात्री घरात घ्याव्यात. बिलबर्जिया आणि एक्मिया भिंतीच्या आडोशाला थंडी काढतात.

पाणी

या झाडांच्या संगोपनातले निम्म्याहून अधिक यश पाण्यावर अवलंबून असते. पाणी किती द्यावे हा प्रश्न सगळे विचारतात. कोणते द्यावे आणि कोणत्या वेळी द्यावे हे प्रश्न नागपुरात अधिक महत्त्वाचे आहेत.

शहरातल्या अनेक घरांत बोअरचे पाणी वापरले जाते आणि ते बहुधा जड असते. असे पाणी द्रोणात साठून आटत गेले की क्षार मागे राहतात आणि पानांवर पाण्याच्या पातळीशी पांढरी रेघ उमटते. पुढे तीच रेघ पानाला जाळते. कूलरच्या टाकीतले पाणी तर कधीही वापरू नये. सतत बाष्पीभवन होत असल्यामुळे त्यात क्षार साचत गेलेले असतात. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्याचीही तीच गत असते. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी मऊ असते, परंतु ते तांब्याच्या नळ्यांवरून येते आणि तांबे या कुळाला विषासमान आहे, म्हणून मी तेही टाळतो. नळाचे पाणी चालते. सर्वोत्तम अर्थातच पावसाचे. वीस झाडांच्या द्रोणांना प्रत्येकी दीडशे मिलिलिटर पाणी आठवड्यातून दोनदा द्यायचे म्हटले तर आठवड्याला सहा लिटर लागते. म्हणजे सप्टेंबरअखेर भरून ठेवलेले दोनशे लिटरचे एक पिंप मेच्या मध्यापर्यंत पुरते. पिंपाला घट्ट झाकण हवे आणि झाकणाखाली दुपदरी कापड बांधलेले हवे. छपरावरचे पहिल्या एक-दोन सरींचे धुळकट पाणी वाहून जाऊ द्यावे.

वेळेचा धडा मला नुकसान सोसून मिळाला. पहिल्याच उन्हाळ्यात एका मे महिन्याच्या दुपारी झाडे कोमेजलेली दिसली, म्हणून मी रबरी नळी लावून सर्व द्रोण भरून टाकले. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत होते आणि हाताला चटका बसेल इतके तापलेले होते. चौथ्या दिवशी मधली कोवळी पाने हात लावताच सुटून आली, त्यांची मुळाकडची बाजू पिवळसर, बुळबुळीत झालेली होती. सात झाडांपैकी पाच झाडांचा गाभा गेला. तेव्हापासून उन्हाळ्यात मी रात्री बादलीत पाणी भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर ते देतो. हिवाळ्यात याच्या उलट करावे. सकाळी नऊ-दहाला पाणी द्यावे, म्हणजे रात्रीच्या गारठ्यात द्रोणात थंडगार पाणी राहत नाही.

प्रमाणाबाबत सांगायचे तर पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात द्रोण अर्ध्यापर्यंत भरलेला असावा, उन्हाळ्यात तळाशी दोन-तीन सेंटिमीटर पाणी पुरते आणि कडाक्याच्या थंडीत एक सेंटिमीटर ओल असली तरी चालते. भरणाला वेगळे पाणी द्यावे. वरचा थर बोटाला कोरडा लागल्यावरच ते द्यावे आणि कुंडीखालच्या बशीत साचू देऊ नये. महिन्यातून एकदा कुंडी आडवी करून द्रोण पूर्ण रिकामा करावा आणि स्वच्छ पाण्याने दोनदा विसळावा, म्हणजे साचलेले क्षार निघून जातात.

डासांचा विचार टाळून चालणार नाही. साठलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डास अंडी घालतो आणि डेंग्यूचा प्रादुर्भाव आपल्या शहराला नवा नाही. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून पावसाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत दर चौथ्या-पाचव्या दिवशी द्रोणातले पाणी ओतून नवे भरावे. घरातला कूलर रिकामा करण्याचा कोरडा दिवस ठरलेला असेल, तर त्याच दिवशी हेही काम होते, आठवड्याच्या मध्यावर आणखी एकदा करावे. झाडे फार असतील तर अळ्या मारणाऱ्या बीटीआय या जिवाणूची भुकटी वापरता येते, तिने झाडाला अपाय होत नाही. पाण्यावर रॉकेल किंवा तेल टाकण्याची आपल्याकडची जुनी सवय मात्र येथे घातक ठरते. तेलाने पानांवरचे खवले बंद होतात आणि झाड गुदमरते.

खताबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. समतोल विद्राव्य खत पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथाई मात्रेत, जुलै ते ऑक्टोबर या काळात महिन्यातून एकदा भरणात द्यावे. निओरेजेलियाच्या द्रोणात खत कधीही घालू नये. नत्र जास्त झाले की रंग जातो आणि वर्षभर परत येत नाही.

कीड, कूज आणि तांब्याचा धोका

पानांच्या बेचक्यात पांढरा पिठ्या ढेकूण किंवा तपकिरी खवले कीड दिसली, तर कापसाच्या बोळ्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन ती एकेक टिपून काढावी. कडुनिंबाचे तेल इतर झाडांना चांगले असले, तरी रुपेरी पानांच्या जातींवर फवारू नये. कारण वर आलेच आहे. पावसाळ्यात शंख-गोगलगायी रात्री कोवळी पाने खरवडतात, त्या विजेरी घेऊन वेचणे हाच खात्रीचा उपाय होय.

गाभा कुजला असल्यास मधले पान हलकेच ओढून पाहावे. ते सुटून आले आणि दुर्गंध आला, तर सर्व कुजका भाग काढून, द्रोण उलटा करून झाड सावलीत पूर्ण कोरडे होऊ द्यावे. त्या झाडाला आता फूल येणार नाही, पण बुंधा टणक असेल तर ते टाकू नये. गाभा गेलेले झाड अनेकदा बाजूने पिल्ले देते. उन्हाळ्यात हानी झालेल्या माझ्या पाच झाडांपैकी तीन झाडांनी पुढच्या पावसाळ्यात अशी पिल्ले दिली.

दुसरी चूक त्याहून वाईट होती. पानांवर ठिपके आले म्हणून एका दुकानदाराच्या सल्ल्याने मी कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारले. संत्र्याच्या बागांमध्ये ताम्रयुक्त बुरशीनाशके सर्रास वापरली जातात, त्यामुळे सल्ला देणाऱ्यालाही त्यात वावगे वाटले नसावे. दोन आठवड्यांत कोवळी पाने टोकाकडून काळी पडत गेली आणि आठ कुंड्या फेकाव्या लागल्या. बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड, तांब्याची तार, तांब्याच्या भांड्यात साठवलेले पाणी, यांपैकी काहीही या झाडांच्या वाऱ्याला येऊ देऊ नये.

फुलवणे

निरोगी झाड पूर्ण वाढूनही दोन-तीन वर्षे फुलत नसेल, तर त्याला फुलवण्याची एक सोपी रीत आहे. एथिलीन हा वायू या कुळाला फुलोरा धरायला लावतो. एकोणिसाव्या शतकात अझोर्स बेटांवरच्या काचगृहांत धूर कोंडल्यावर अननसाची झाडे एकाच वेळी फुलली, तेव्हा ही गोष्ट प्रथम ध्यानात आली. धुरातल्या एथिलीनचाच तो परिणाम होता. दुकानातल्या गुझमानियाही अशाच उपायाने ठरावीक वेळी फुलवलेल्या असतात.

घरी करताना प्रथम द्रोण पूर्ण रिकामा करावा. कुंडी मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवून आत दोन पिकलेली केळी किंवा एक पिकलेले सफरचंद ठेवावे, पिशवीचे तोंड बांधावे आणि ती आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी. ऊन लागले तर झाड आत शिजून जाईल, म्हणून हे काम जुलै ते नोव्हेंबर याच काळात करावे. नागपूरकरांच्या मनात येथे पहिल्यांदा संत्रे येते, पण त्याचा उपयोग नाही. लिंबूवर्गीय फळे तोडल्यावर केळ्यासारखी पिकत नाहीत आणि निरोगी संत्र्यातून एथिलीन नगण्य प्रमाणात निघते. पिशवी काढल्यानंतर दीड ते तीन महिन्यांत तुरा दिसू लागतो. अपुऱ्या वाढीच्या झाडावर हा प्रयोग करू नये. तुरा खुजा येतो आणि पुढे पिल्लेही कमजोर निघतात. कॅल्शियम कार्बाइडपासून घरात लांबच राहावे, त्यातून निघणारा वायू स्फोटक असतो.

पिल्ले वेगळी करणे

एकदा फुललेले मूळ झाड, म्हणजे पिल्लांची आई, पुन्हा फुलत नाही. फुलोरा ओसरू लागला की तुऱ्याचा दांडा शक्य तितका खाली कापावा, द्रोणात पाणी देत राहावे आणि झाड पुन्हा उजेडात आणावे. आईची पाने हिरवी आहेत तोवर ती पिल्लांना पोसत असते.

पिल्लू केव्हा काढायचे याचा साधा नियम असा, की ते आईच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे झालेले असावे, निम्मे झाले असल्यास अधिक चांगले. तोवर त्याला स्वतःचा छोटा द्रोण तयार झालेला असतो. घाईने काढलेले बोटभर पिल्लू बहुधा मरते. ऋतूच्या बाबतीत नागपुरात जुलै ते सप्टेंबर हाच योग्य काळ आहे. तेव्हा हवा दमट असते, पारा तीसच्या आसपास राहतो आणि मुळे महिनाभरात फुटतात. फेब्रुवारीत पिल्लू मोठे झालेले दिसले, तरी मोह आवरावा. मुळे धरण्याच्या आतच उन्हाळा येऊन ठेपतो, त्यापेक्षा आईच्या अंगावर ते उन्हाळा सहज काढते.

एक्मियाचे पिल्लू काढताना काय करावे ते बारकाईने सांगतो. आदल्या दिवशी कुंडीला पाणी देऊ नये. पानांच्या कडांना काटे असतात, म्हणून जाड हातमोजे घालावेत. झाड कुंडीबाहेर काढून आडवे ठेवावे आणि आईच्या बुंध्याजवळची वाळकी पाने देठाशी धरून ओढून टाकावीत, म्हणजे पिल्लू नेमके कोठून निघाले आहे ते दिसते. ते करंगळीएवढ्या, लाकडासारख्या टणक देठाने आईला जोडलेले असते. स्पिरिटने पुसलेली धारदार सुरी त्या देठावर आईच्या बुंध्याला चिकटवून ठेवावी आणि सरळ खाली दाबावी. देठ जितका लांब पिल्लाकडे राहील तितके चांगले, कारण मुळे त्याच भागातून निघतात. पिल्लाच्या बाजूने कापले गेले तर पाने सुटी होतात आणि हाती केवळ पालवी उरते. काप पांढरट आणि स्वच्छ असावा, तपकिरी ठिपका दिसल्यास तेवढा तासून टाकावा. कापावर थोडी हळद लावावी आणि पिल्लू दोन दिवस सावलीत, वर्तमानपत्रावर ठेवून काप सुकू द्यावा.

त्यानंतर दहा सेंटिमीटरच्या कुंडीत ते जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर खोल लावावे. खोल लावलेले पिल्लू कुजते आणि उथळ लावलेले डुलते, तेव्हा बाजूला बांबूची काडी रोवून त्याला सुतळीने सैलसर बांधून घ्यावे. डुलण्यामुळे नव्या मुळांची टोके तुटतात, म्हणून हा आधार महत्त्वाचा आहे. द्रोणात चमचाभर पाणी घालावे आणि भरण नुसते ओलसर ठेवावे. महिन्याने हलकेच ओढून पाहावे. विरोध जाणवला तर मुळे धरली. खत त्यानंतरच द्यावे.

बिलबर्जिया आणि बऱ्याच निओरेजेलिया यांची पिल्ले लांब धावत्या देठांवर येतात, त्यामुळे त्यांना वेगळे करणे सर्वांत सोपे असते. निओरेजेलियाचे असे पिल्लू आंब्याच्या वाळक्या फांदीवरही बसवता येते. देठाभोवती सोडणाचे तंतू गुंडाळून जुन्या नायलॉन मोज्याच्या पट्टीने ते बांधावे. गुझमानियाचे तसे नाही. तिची पिल्ले पानांच्या बेचक्यातून, आईला अगदी चिकटून निघतात आणि त्यांना मुळे नसतात. ती ओढून काढण्यापेक्षा आई वाळत जाऊ द्यावी, तिची सुकलेली पाने कात्रीने कापत जावे आणि पिल्लांना त्याच कुंडीत जागा करून द्यावी. व्रिसिया स्प्लेंडेन्सचे पिल्लू पुष्कळदा आईच्या द्रोणातून, तुऱ्याच्या शेजारूनच वर येते. ते वेगळे करण्याचा प्रयत्नच करू नये.

पट्टेरी पानांच्या शोभेच्या अननसाला फळावरच्या शेंडीनेही वाढवता येते. शेंडी पिळून काढावी, तिला लागलेला गर पूर्ण काढावा, खालची पाने सोलून दोन सेंटिमीटर दांडा उघडा करावा आणि चार-पाच दिवस सुकवून ती लावावी. अननस हा अपवाद असा आहे की त्याला पूर्ण ऊन चालते, मे महिन्यातली दुपार तेवढी टाळावी.

बियांपासूनही झाडे करता येतात, परंतु त्यांना फूल येण्यास तीन ते पाच वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो आणि संकरित वाणांची रोपे आईसारखी निघत नाहीत. ज्यांना हौस आहे त्यांनी एक्मियाची पिकलेली फळे पिळून बी चिकट गरापासून धुवावे आणि ताबडतोब ओल्या कोकोपीटवर पसरावे, त्यावर माती टाकू नये, कारण त्याला उगवताना उजेड लागतो.

जुलैत काढलेल्या पिल्लाचा पहिला उन्हाळा हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत अवघड काळ असतो. त्याची मुळे तोवर आठ महिन्यांची झालेली असतात, पण पाने आईइतकी जाड नसतात. त्याला होळीच्या आधीच, इतर कुंड्यांच्या पंधरा दिवस अगोदर आत घ्यावे, मोठ्या झाडांच्या मधोमध ठेवावे आणि संध्याकाळी द्रोणात पाणी आहे ना हे रोज पाहावे. टोके थोडी तपकिरी झाली तर ती कापत बसू नये. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला मधून नवी, रुंद पाने फुटतात आणि तेव्हा त्याची कुंडी बदलून, आईच्या कुंडीशेजारी पूर्वेकडच्या गॅलरीत ते मांडता येते.